कानातला अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या घरात रोज संध्याकाळी सात वाजता एक भांडण ठरलेले असे. बाबूजी टीव्हीसमोर बसत आणि आवाजाचे बटण दाबत दाबत अशा ठिकाणी नेऊन ठेवत की, शेजाऱ्यांना बातम्यांसाठी स्वतःचा टीव्ही लावण्याची गरज पडू नये. आतल्या खोलीतून मुलगी ओरडे, "आबाजी, माझी परीक्षा आहे!" स्वयंपाकघरातून सौ. म्हणे, "अहो, कमी करा ना जरा." मग मी जाऊन आवाज कमी करी. दोन मिनिटांनी बाबूजी विचारत, "काय म्हणाला तो?" मी मोठ्याने सांगे. त्यावर ते चिडत, "ओरडतोस काऊन? बहिरा थोडीच आहे मी!"

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. "ऐकू येते रे, पण समजत नाही," असे ते नेहमी सांगत आणि आम्ही ते हसण्यावारी नेत असू. गोंदिया हे धानाचे आणि राइस मिलचे गाव. त्यातल्याच एका मिलमध्ये बाबूजींची एकतीस वर्षे गेली. धान सडणारी यंत्रे, पॉलिशर, कोंडा उडवणारे ब्लोअर, डोक्यावरून धावणारे पट्टे. पाळी संपवून घरी आल्यावर तासभर ते मोठ्यानेच बोलत. लहानपणी आम्हाला वाटे, बाबूजी रागावले आहेत. ते रागावलेले नसत. त्यांच्या कानातून मिल अजून बाहेर पडलेली नसे.

पुढे मुलीची परीक्षा संपली, गुण बरे पडले आणि तिने बक्षीस म्हणून हेडफोन मागितला. "बाबा, बास एकदम जबरदस्त पाहिजे." कॉलेजच्या दिवसांपासून मला गाणी नीट ऐकण्याचा नाद. चार-पाच हेडफोन आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर एवढी माझी जन्माची पुंजी. त्यामुळे घरातला जाणकार मीच. त्याच आठवड्यात सौ.ने सुचवले की, बाबूजींनाही टीव्हीसाठी एक हेडफोन घ्या, म्हणजे घरात शांतता तरी नांदेल. एक मागणी कोवळ्या कानांची, दुसरी थकलेल्या कानांची. दोन्हींचा विचार करता करता मी ज्या उत्तरावर आलो, ते आधीच सांगून टाकतो. चांगला हेडफोन तो, ज्यावर आवाज कमी ठेवूनही सगळे ऐकू येते. किंमत, नाव, रंग, बास या गोष्टी त्यानंतरच्या.

काकाजींचा भोंगा

आवाज मोठा करणारे यंत्र मी पहिल्यांदा पाहिले ते काकाजींच्या बिछायत केंद्रात. आमगावकडच्या आमच्या खेड्यात लग्न असो, मंडई असो की रात्रभराचे नाटक असो, सतरंज्या, दिवे आणि लाउडस्पीकर काकाजींकडचे. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या भागात, दिवाळीनंतर मंडया भरू लागतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. ही रंगभूमी आज साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण त्या रात्रीच्या थंडीत, धानाच्या मोकळ्या बांधीत, घोंगडी पांघरून बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत नायिकेचा हुंदका पोचवायचा कोणी, तर अहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरने आणि बांबूला बांधलेल्या दोन भोंग्यांनी.

नाटक सुरू झाले की काकाजी यंत्राजवळ बसून राहत नसत. ते प्रेक्षकांच्या कडेने चालत मागच्या रांगेपर्यंत जात, कान देऊन ऐकत आणि परत येऊन भोंग्याची दिशा बदलत, उंची वाढवत. बटणाला हात सगळ्यात शेवटी. मी विचारले, "काकाजी, सरळ आवाजच वाढवा ना." ते म्हणाले, "अरे, पुढे बसलेल्या लेकराचे कान काय उसने आणायचे का?" तीस वॅटच्या त्या यंत्रावर अख्खे गाव नाटक ऐके आणि पहिल्या रांगेतली लेकरे खुशाल झोपी जात.

हे तीस वॅट लक्षात ठेवा. कारण हेडफोनचा हिशेब वॅटमध्ये होत नाही, वॅटच्या हजाराव्या हिश्श्यात, म्हणजे मिलिवॅटमध्ये होतो. बहुतेक हेडफोन एका मिलिवॅटमध्ये शंभर डेसिबलच्या आसपास आवाज देतात. कारण उघड आहे: भोंग्याला आवाज शिवारभर पसरवायचा असतो, हेडफोनला कानाच्या वाटीएवढी हवा हलवायची असते. म्हणजेच आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये जो चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर असतो, तो कान खराब करण्यापुरता पुष्कळ समर्थ असतो. मागे जाऊन कान देणारे काकाजी मात्र तिथे नसतात.

घरासाठी कोणता?

हेडफोनच्या दोन जाती. एक बंद पाठीचे, म्हणजे कानावर झाकणासारखे बसणारे. दुसरे उघड्या पाठीचे, ज्यांच्या जाळीतून आवाज आतबाहेर जातो. सेनहायजर या जर्मन कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ हा उघडा हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून ही दुसरी जात घराघरांत शिरली. उघड्या हेडफोनमध्ये गाणे डोक्याच्या आत कोंडल्यासारखे वाटत नाही; तंबोरा थोडा दूर, गायक समोर, तबला उजवीकडे अशी बैठक मांडलेली वाटते. शिवाय दारावरची बेल ऐकू येते आणि सौ.ची हाकही. (दुसऱ्या गोष्टीला काही जण दोष मानतात. मी मानत नाही.)

आपल्याकडच्या घरांना ही जात मानवते. गोंदियाच्या एखाद्या आतल्या मोहल्ल्यात, किंवा अर्जुनी-मोरगाव, सालेकसाकडच्या गावात रात्री नऊनंतर पंखा सोडला तर आवाज उरतो कुठे? अशा शांततेत उघडा हेडफोन अगदी थोड्या आवाजात सगळे सांगतो. माझ्याकडे त्याच कंपनीचा एचडी ६०० आहे. हे मॉडेल १९९७चे आणि आजही विकले जाते. जुन्या मराठी भावगीतात गायिका दोन ओळींच्या मध्ये श्वास घेते, तो श्वास मला पहिल्यांदा त्यावर ऐकू आला. मी ते गाणे तीस वर्षे ऐकत होतो.

आता अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न. या हेडफोनचा विद्युत्-रोध ३०० ओहम आहे. मोबाइलबरोबर चालणाऱ्या साध्या हेडफोनचा १६ किंवा ३२ असतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पाइप अरुंद आहे. पंपाचा दाब तोच ठेवला तर अरुंद पाइपातून पाणी कमीच येणार. ३२ ओहमच्या हेडफोनला जितकी शक्ती मिळते, तिच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढीच ३०० ओहमच्या हेडफोनला मिळते. म्हणून मोबाइलला जोडल्यावर तो मलूल वाटतो. दाब वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावला की गाण्यात जीव येतो. उलट ज्यांचा हेडफोन ३२ ओहमचा आहे, त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरवर पैसे घालणे म्हणजे परसातल्या चार वांग्यांसाठी पाच एचपीची मोटार बसवणे.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे, कारण दुकानदार तो सांगत नाही. वाईट अ‍ॅम्प्लिफायर आवाज वाढवला की फाटतो, करकरतो. आपण आपोआप बटण मागे घेतो. चांगला अ‍ॅम्प्लिफायर फाटत नाही. आवाज स्वच्छ राहतो, गोड लागतो, आणि आपण किती पुढे गेलो हे कळत नाही. यंत्र जितके चांगले, तितका हात आवरता हवा.

प्रवासासाठी कोणता?

घरातली शांतता आगगाडीत मिळत नाही. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस तेराशेहून अधिक किलोमीटर धावते. एक अख्खा दिवस आणि वर काही तास. मुलगी शिकायला त्याच गाडीने पुण्याला जाणार होती, म्हणून मला त्या गाडीचा हिशेब करणे भाग पडले.

चालत्या डब्यात उघडा हेडफोन किंवा कानाच्या तोंडाशी सैल बसणारी बोंडे लावली, तर चाकांचा खडखडाट जसाच्या तसा आत येतो. त्यावर मात करायला माणूस गाणे वाढवतो. गाडी वेगात, गाणे वर. स्टेशन आले, गाडी थांबली, तरी गाणे वरच. शेजारच्या प्रवाशाला आपल्या गाण्याचे शब्द ऐकू येऊ लागले, तर समजावे की आपण स्वतःच्या कानाशी वैर धरले आहे.

यावर उपाय दोन. पहिला साधा: कानात घट्ट बसणारी रबरी टोपीची बोंडे किंवा बंद पाठीचा हेडफोन. बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही. दुसरा उपाय महागडा, पण मोठा हुशार. हेडफोनवरचा माइक बाहेरची घरघर ऐकतो आणि यंत्र तिच्या बरोबर उलटी लहर कानात सोडते. चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. १९७८ साली झुरिकहून अमेरिकेला परतताना विमानाच्या घरघरीत हेडफोनवर काही धड ऐकू येईना, तेव्हा अमर बोस यांनी विमानातच या कल्पनेची गणिते मांडायला घेतली. वडील बंगाली क्रांतिकारक, मुलगा अमेरिकेत प्राध्यापक. त्यांच्या कंपनीने १९८९ साली वैमानिकांसाठी आणि २००० साली सामान्य प्रवाशांसाठी असा हेडफोन आणला. ही युक्ती चाकांच्या, पंख्याच्या, इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर उत्तम चालते. 'चाय गरम'वर आणि शेजारच्या तान्ह्या बाळावर तितकी चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याचा एक आठवड्याचा कोटा सांगून ठेवला आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्यात ४० तास ऐकावे. मुलांनी ७५ डेसिबलवर तेवढेच. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चार तास उरतात, ९५ला फक्त सव्वा तास. हे मी मुलीला गाडीच्या भाषेत समजावले: गोंदियाला बसताना ९५वर गाणी सुरू केलीस, तर गंगाझरी, तिरोडा, तुमसर रोड करत नागपूर यायच्या आतच आठवड्याचा शिधा संपला, पुढचे पुण्यापर्यंतचे सगळे उधारीवर. तिने विचारले, "आणि ऐंशीवर?" म्हटले, "मग गाडी कोल्हापूरला पोचेल, तरी शिधा उरेल." बहुतेक मोबाइलमध्ये आता हा हिशेब ठेवण्याची किंवा आवाजाला वेसण घालण्याची सोय असते. ती शोधायला पाच मिनिटे लागतात.

खरा अ‍ॅम्प्लिफायर

आता बाबूजींकडे येतो. हेडफोन घेण्याआधी मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. बंद खोलीत बसवून कानांची तपासणी झाली, कागदावर आलेख आला. डावीकडे रेषा बरी होती, उजवीकडे जाता जाता दरीत कोसळावी तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी तो आलेख समजावून सांगितला, तेव्हा आमच्या घरातल्या अनेक वर्षांच्या भांडणाचा अर्थ मला कळला.

आपल्या आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, केसांसारखे तंतू असलेल्या काही हजार पेशी असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगांतल्या, कानामागे सुमारे बारा हजार, या खुद्द अ‍ॅम्प्लिफायरचे काम करतात: हळू आवाज आला की त्या स्वतः थरथरून तो वाढवतात. मोठ्या आवाजाने आधी मरतात त्या याच. गोंगाटाचा पहिला घाव पडतो तो बहुधा चार हजार कंपनांच्या आसपासच्या वरच्या सुरांवर, आणि स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या वरच्या पट्टीतच असते. स्वर ऐकू येतात, व्यंजने गळून पडतात. 'साखर' आणि 'भाकर' यांत फरक उरत नाही. म्हणूनच ऐकू येते, पण समजत नाही. आणि कानातला हा अ‍ॅम्प्लिफायर गेला की हळू आवाज पोचत नाही, मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच टोचतो; म्हणूनच 'मोठ्याने बोल' आणि 'ओरडतोस काऊन' ही दोन्ही वाक्ये एकाच मिनिटात निघतात. बाबूजी हेका धरून बसले नव्हते. आम्हीच अडाणी होतो.

या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत १९८०च्या दशकातच हे दिसून आले. आपल्या जिल्ह्याला ज्याचा अभिमान आहे तो सारस, जो महाराष्ट्रात आता जवळजवळ फक्त गोंदियाच्या धानशेतांत आणि तलावांवर उरला आहे, त्याची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते. त्यामुळे नर-मादीची जोडीची हाक तुतारीसारखी दूरवर घुमते. एवढा मोठा भोंगा बाळगणाऱ्या पक्ष्याच्या जातीला निसर्गाने कान दुरुस्त करण्याची सोयही दिली. आपल्याला भोंगे बनवण्याची अक्कल दिली, दुरुस्तीची सोय दिली नाही.

माझे मत म्हणून जे सांगायचे ते एवढ्यावरच उभे आहे. हेडफोनची तुलना करताना आपण ओहम, वॅट आणि रुपये मोजतो. साखळीतले शेवटचे यंत्र हिशेबात धरत नाही. पन्नास हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर दुसरा मिळतो. कानातला बिघडला तर श्रवणयंत्र लावता येते, आणि ते लावावेच, पण ती कुबडी असते, पाय नव्हे.

कोणी म्हणेल, तरुणपणी मोठ्या आवाजात ऐकण्याचा आनंदच वेगळा असतो. असतो, मी नाकारत नाही. लग्नाच्या वरातीत मीही डीजेपुढे नाचलो आहे. पण डीजेची भिंत रात्री दहाला बंद करायला २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत आणि नियम मोडला तर तक्रार करायला शेजारी आहेत. हेडफोनचा आवाज शेजाऱ्याला ऐकू येत नाही, पोलिसाला येत नाही, आईबापांना येत नाही. तिथे नियमही आपला आणि पोलीसही आपणच. बाबूजींच्या मिलमध्ये गोंगाट होता तो पोटासाठी, आणि त्याला नाही म्हणण्याची मुभा त्यांना नव्हती. कानांवर झाकण लावायला तेव्हा कोणी सांगितले नाही. जे त्यांच्यावर लादले गेले, ते आपल्या मुलांनी पैसे मोजून हौसेने विकत घ्यावे, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: हेडफोनने घरातली माणसे एकमेकांना तुटतात. यात तथ्य आहे, पण दोष सगळा यंत्राचा नाही. १ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये पहिला वॉकमन विक्रीला आणला, तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोके होती. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी तो नमुना घरी नेला होता आणि ते एकटेच ऐकत बसले म्हणून त्यांच्या पत्नीला दुरावल्यासारखे वाटले. मग दोघांना ऐकता यावे अशी सोय झाली. इतकेच नव्हे, एक नारिंगी बटण दाबले की गाणे हळू होऊन दोघांना बोलताही येई. पुढच्या मॉडेलांतून ही सोय गेली. कारण लोकांना एकट्यानेच ऐकायचे होते.

आमच्या घरी शेवटी खरेदी अशी झाली. मुलीला प्रवासासाठी बाहेरचा आवाज अडवणारा, मध्यम किमतीचा, बास बेताचा. ती दोन दिवस रुसली, मग म्हणाली, "बाबा, ढोलकीच्या मागे झांज पण आहे या गाण्यात!" बाबूजींना टीव्हीसाठी बंद पाठीचा, मोठ्या मऊ गाद्यांचा, लांब वायरीचा. त्यांना तो मानवला तो आवाज मोठा म्हणून नव्हे, तर मध्ये पंखा, भांडी आणि भिंतींचा घुमारा येत नाही म्हणून. बातमी थेट कानाशी येते. श्रवणयंत्राला ते वर्षभर नाही म्हणाले, लोक काय म्हणतील म्हणून. हेडफोन मात्र पहिल्याच दिवशी चढवला. आरशात पाहून म्हणाले, "आकाशवाणी नागपूरचा माणूस दिसतो ना मी?" सहा महिन्यांनी श्रवणयंत्रही आले. आता चारचौघांत बोलताना ते आणि टीव्हीसमोर हे, अशी वाटणी आहे. तुमच्याही घरी कोणी 'ऐकू येते, पण समजत नाही' म्हणत असेल, तर आधी तपासणी करून घ्या. गोंदियात २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही. हेडफोन नंतर.

मुलगी गेल्या दिवाळीत घरी आली होती. भाऊबिजेच्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी माझा अ‍ॅम्प्लिफायर काढला. त्याला हेडफोनची दोन भोके आहेत. मी एकटाच ऐकत असल्यामुळे दुसऱ्याचा कधी उपयोग झाला नव्हता. एकात बाबूजींचा हेडफोन, दुसऱ्यात नातीचा. जुन्या झाडीपट्टी नाटकातल्या गाण्यांचे एक ध्वनिमुद्रण होते, ते लावले. बाबूजींनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी हात वर करून खूण केली. मला वाटले, आवाज वाढवायला सांगताहेत. मी बटणाकडे हात नेला.

"वाढवू नको," ते म्हणाले. "ही मागे कोणती पेटी वाजवते आहे, ते ऐकू दे."